काम सोपविले, अधिकार केव्हा सोपविणार?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पासली येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या समाजातील दुकानदारांनी व लहानमोठ्या कारखानदारांनी आपल्या हाताखालच्या माणसांस अधिक स्वतंत्रपणे काम कसे करू द्यावे, ह्या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारिणीने आम्हांस केली आहे. ज्याने उभ्या आयुष्यात काडीचाही व्यापार केला नाही, त्या मॅट्रिक झालेल्या एका प्राथमिक शिक्षकाने व्यापाऱ्यांस उपदेश करावा हे कित्येकांस धारिष्ट वाटेल. परंतु आमची बहुतेक नोकरी ह्या डोंगरी मुलखातील द्विशिक्षकी शाळांत झाली. अशा शाळेत चार वर्ग आणि दोन शिक्षक. त्यांतला एक सभेसाठी वा टपालासाठी तालुक्याच्या गावी गेला की चारही वर्ग एकट्याच्या गळ्यात. त्या दिवशी शाळा चालते ती शिक्षकाच्या आवाजावर चालत नाही. चौथीच्या कोणत्या मुलाने दुसरीच्या मुलांस पाढे म्हणावयास लावावेत, कोणी पाटीवरचे शुद्धलेखन तपासावे आणि कोणते भांडण गटप्रमुखाने मिटवावे व कोणते गुरुजींपर्यंत आणावे, हे मुलांस आधीच ठाऊक असेल तरच ती चालते. जो गुरुजी हे शिकवीत नाही, त्याचा घसा बसतो आणि शाळाही बसते. व्यापाराची गोष्ट आम्हांस ह्याहून फारशी निराळी दिसत नाही. म्हणून बोलण्याचे धाडस करतो.

हे बोलणे पासलीत व्हावे ह्यालाही औचित्य आहे. वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या वाटेवरचा हा मुलूख पावसाचा आणि भाताचा. पीक एकच, शेते तुकड्यातुकड्यांची, आणि घरात भावंडे पुष्कळ. त्यामुळे पिढ्यान्पिढ्या येथील तरुण पोटासाठी पुण्यामुंबईची वाट धरीत आले. कोणी गिरणीत गेला, कोणी पेढीवर राहिला, कोणी खानावळीत भांडी घासली. त्यांतल्या काहींनी पुढे स्वतःचे दुकान थाटले, कोणी लेथ मशीन घालून लहानसा कारखाना काढला, कोणी वाहतुकीचा धंदा उभारला. आज ह्याच कुटुंबांतील मालक गावाकडची मुले आपल्याकडे कामास ठेवतात. म्हणजे, काल जो नोकर होता तो आज मालक झाला आहे. ही अभिमानाची गोष्ट खरीच. पण त्याबरोबर एक प्रश्नही उभा राहतो. आपण नोकर असताना आपल्या मालकाने आपल्यावर जितका विश्वास टाकावा असे आपणांस वाटे, तितका विश्वास आज आपण आपल्या नोकरावर टाकतो काय?

ह्याचे उत्तर शोधावयास फार दूर जावयास नको. मालक आजारी पडून तीन आठवडे रुग्णालयात राहिला आणि तेवढ्यात दहा वर्षांत जमविलेले गिऱ्हाईक शेजारच्या दुकानी गेले, अशी उदाहरणे आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीत एखाददुसरे तरी आहे. दुकानात माणूस नव्हता असे नाही. दहा-बारा वर्षे काम केलेला, माल कोठे आहे ते डोळे मिटून सांगणारा माणूस तेथे उभा होता. परंतु कोणाला किती उधारी द्यावी हे त्याला ठाऊक नव्हते. घाऊक व्यापाऱ्याकडे मालाची मागणी नोंदविण्याचा त्याला अधिकार नव्हता. खराब निघालेली वस्तू परत घेण्याचीही त्याची छाती नव्हती. "मालक आल्यावर या," हे एकच वाक्य तो तीन आठवडे बोलत राहिला. गिऱ्हाईक मालकासाठी थांबत नाही. दुकानाची फळी रोज उघडत होती, पण दुकान बंदच होते.

आता तर आणखी एक नवलाई झाली आहे. पूर्वी मालक पंढरीस गेला म्हणजे निदान चार दिवस तो दुकानातून आणि दुकान त्याच्यातून सुटत असे. आज त्याच्या खिशात मोबाईल असतो आणि दुकानाच्या छताला कॅमेरा. चंद्रभागेच्या वाळवंटात उभा राहून तो दुकानातला गल्ला पाहतो, आणि दर घटकेला फोन वाजतो, "अण्णा, गिऱ्हाईक दहा रुपये कमी करा म्हणतंय, करू का?" यंत्राने मालकाची नजर लांबविली, हे खरे, पण दुकानात उभ्या असलेल्या माणसाची बुद्धी त्याच यंत्राने आखूड केली. जो माणूस दहा रुपयांसाठी पन्नास कोसांवर विचारतो, तो दहा हजारांच्या प्रसंगी काय करणार?

आमच्या समजुतीप्रमाणे ह्या सगळ्याचे मूळ एका घोटाळ्यात आहे. आपण काम सोपविणे आणि अधिकार सोपविणे ह्या दोन गोष्टी एकच समजतो. पोते उचल, हे काम झाले. कोणते पोते आज उचलावयाचे हे तू ठरव, हा अधिकार झाला. पहिल्याने माणसाचे हात कामी येतात, दुसऱ्याने त्याचे डोके. आम्ही जेथे जेथे नोकरी केली त्यांपैकी एका शाळेत खडूची पेटी वरिष्ठांच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात असे. शिक्षकावर पन्नास मुलांची जबाबदारी, पण खडूच्या तुकड्यासाठी अर्ज! ते गृहस्थ रजेवर गेले म्हणजे फळे कोरे राहात. खडू वाचले असतील. पण त्यापायी किती धडे बुडाले ह्याचा हिशेब कोणत्याच वहीत लिहिलेला नव्हता. आपल्या कित्येक दुकानांत आणि कारखान्यांत आजही अशी एखादी खडूची पेटी असते. ती कोणती, हे ज्याचे त्याने घरी जाऊन पाहावे.

येथे कोणी म्हणेल, "गुरुजी, आम्ही नोकराला नोकर मानीत नाही, गावचा मुलगा म्हणून घरच्यासारखा वागवतो. जेवण घरचे, दिवाळीला कपडे, बहिणीच्या लग्नाला मदत." हे सर्व खरे आहे आणि स्तुत्य आहे. ज्ञातीच्या माणसाने ज्ञातीच्या मुलास हात द्यावा ह्यासाठीच आपली संस्था उभी आहे. पण "घरच्यासारखा" ह्या शब्दातच एक मेख आहे. आपण घरच्या मुलासही निर्णय कोठे घेऊ देतो? तीस वर्षांचा मुलगा गल्ल्यावर बसतो आणि बासष्ट वर्षांचे वडील मागे खुर्ची टाकून प्रत्येक पावतीवर नजर ठेवतात. माया आहे, मोकळीक नाही. मायेने माणूस टिकतो. मोकळीक दिल्याने तो वाढतो. केवळ मायेवर ठेवलेला हुशार मुलगा पाच वर्षांनी निघून जातो आणि सामान्य मुलगा जन्मभर सामान्यच राहतो. दोहोंत धंद्याचे नुकसान आहे.

आता, अधिकार सोपवून मोठे काम चालते काय, ह्याचा दाखला हवा असेल तर आपण जेथे जमलो आहोत त्या मुलखाइतका दुसरा उत्तम ग्रंथ नाही. राजगड आणि तोरणा हे दोन्ही किल्ले ह्याच परिसरातले. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांस तेवीस किल्ले द्यावे लागले व बारा राहिले. त्या बारांत हे दोन होते. पुढच्याच वर्षी, म्हणजे १६६६ च्या मार्च महिन्यात महाराज राजगडाहून आग्र्यास निघाले. मे महिन्यात बादशहाची भेट झाली, त्यानंतर ते नजरकैदेत पडले आणि ऑगस्टच्या १७ तारखेस तेथून निसटले. स्वदेशी परत येईपर्यंत सहा महिन्यांहून अधिक काळ गेला. त्या काळी ना तार, ना टपाल. राजा शत्रूच्या पहाऱ्यात, युवराज त्याच्याजवळ, तहाने राज्य अर्धेमुर्धे झालेले. असे असता मागे राज्य कोसळले काय? नाही. जिजाऊसाहेबांच्या देखरेखीखाली मोरोपंतांसारख्या अधिकाऱ्यांनी कारभार चालू ठेवला. महाराज परतले ते त्यांच्या चालत्या राज्यात परतले. मालक नसताना दुकान चालते की नाही, ही जर धंद्याची कसोटी मानली, तर तिच्यावर आपले स्वराज्य साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच उतरले आहे.

हे केवळ माणसांच्या निष्ठेने झाले असे म्हणून आपण हात जोडून मोकळे होऊ नये. निष्ठा होतीच, पण तिला बसावयास घडीव व्यवस्था होती. किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन अधिकारी असत. दरवाजे आणि किल्ल्या हवालदाराकडे, माणसांची हजेरी व हिशेब सबनिसाकडे, धान्य व सामानाचा साठा कारखानिसाकडे. प्रत्येकाचे क्षेत्र ठरलेले. आपल्या क्षेत्रात त्याने निर्णय घ्यावयाचा, रायगडाहून वा राजगडाहून हुकूम येईपर्यंत दरवाजा लावावा की नाही ह्याची वाट पाहावयाची नाही. पण तिघांपैकी कोणालाही एकट्याने किल्ला शत्रूच्या घशात घालता येऊ नये, अशीही ती रचना होती. म्हणजे विश्वास आणि तपासणी ह्या गोष्टी एकमेकींच्या सवती नाहीत. नीट आखलेली तपासणी असली म्हणजेच मालकास मोकळ्या मनाने विश्वास टाकता येतो, आणि चाकरासही संशयाच्या ओझ्याखाली न दबता काम करता येते.

ह्याहून मोठा दाखला राजाराम महाराजांच्या काळातला. १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला, राजधानी गेली, आणि राजाराम महाराजांस दक्षिणेत दूर जिंजीच्या किल्ल्यात आश्रय घ्यावा लागला. ते परत आले १६९८ मध्ये. ही आठ-नऊ वर्षे महाराष्ट्र कोणी सांभाळला? ज्यांच्या नावे आज्ञापत्र हा राजनीतीचा ग्रंथ प्रसिद्ध आहे त्या रामचंद्रपंत अमात्यांस महाराजांनी 'हुकूमतपनाह' हा किताब देऊन येथील कारभाराचा सर्वाधिकार दिला. जिंजीहून पत्र यावयाचे तर मधला सारा प्रदेश मोगली फौजांनी व्यापलेला. अशा वेळी "महाराजांस विचारून सांगतो" असे म्हणणारा कारभारी असता तर उत्तर येईपर्यंत किल्ला गेला असता. रामचंद्रपंतांनीही अधिकार आपल्याच मुठीत ठेवला नाही. संताजी घोरपडे व धनाजी जाधव रणांगणावर आपापल्या बुद्धीने चालत. आणि ह्या आपल्या मावळ भागात शंकराजी नारायण ह्यांनी किल्ले परत मिळविण्याचे काम अंगावर घेतले. हेच शंकराजी पुढे सचिव झाले आणि त्यांच्या वंशाचे भोर संस्थान १९४८ पर्यंत नांदले. आपले पूर्वज त्याच संस्थानचे रयत. वरून मिळालेला अधिकार खाली उतरत गेला, म्हणून एवढा बलाढ्य बादशहा पंचवीस वर्षे दक्षिणेत तळ ठोकूनही हे राज्य बुडवू शकला नाही. त्याला पकडावयास एकच डोके असते तर त्याने ते पकडले असते. येथे डोकी पुष्कळ होती.

"त्या राजांच्या गोष्टी, आमचे किराणा दुकान," असे कोणी म्हणू नये म्हणून आता एका कारखानदाराचे उदाहरण घेऊ. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १८८८ मध्ये सायकलच्या दुकानापासून आरंभ केला आणि १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलजवळच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसविली. त्यांनी माणसे निवडली ती पदव्या पाहून नव्हे. शाळा अर्ध्यावर सोडलेले अनंतराव फळणीकर त्यांच्या हाताखाली कल्पक यंत्रज्ञ म्हणून नावारूपास आले. मंगेशराव रेगे ह्यांनी हिशेबाचे खाते सांभाळले. इतकेच काय, तुरुंगाची शिक्षा भोगून आलेल्या माणसांस त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले, आणि त्यांनी तो पहारा इमानाने केला. ज्याला सारे जग चोर म्हणते त्याच्या हाती किल्ल्या देणे ही भोळ्या माणसाची गोष्ट नव्हे. माणूस जबाबदारीने बदलतो हे ओळखलेल्या माणसाची ती गोष्ट आहे. पुढे १९३९ मध्ये त्याच औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची मोकळी वसाहत काढली. शांतारामबापूंचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट ह्याच प्रयोगावरून सुचला. कैद्यांवर विश्वास टाकता येतो, मग आपल्याच आळीतून आलेल्या मुलावर टाकावयास आपण का कचरावे?

आणखी जवळचे उदाहरण मुंबईच्या डबेवाल्यांचे. हे बहुतेक लोक आपल्या शेजारच्याच मावळ, मुळशी, खेड, जुन्नर ह्या भागांतले. महादू हावजी बच्चे ह्यांनी १८९० च्या सुमारास हे काम सुरू केले आणि १९५६ मध्ये त्यांच्या मंडळाचा ट्रस्ट नोंदला गेला. ह्या लोकांत फार शिकलेले थोडे. तरीही रोज सकाळी घराघरांतून डबा उचलावयाचा, स्थानकावर वर्गवारी करावयाची, लोकलने न्यावयाचा, हातोहात बदलावयाचा आणि जेवणाच्या वेळेस नेमक्या माणसापुढे ठेवावयाचा, हे सारे ते पिढ्यान्पिढ्या करीत आले. लोकल फलाटावर अर्धा मिनिटभर थांबते; तेवढ्यात साहेबास विचारावयास कोण जाणार? आणि विचारावयास साहेबच नाही. वीस-पंचवीस माणसांची एक टोळी, तिचा एक अनुभवी मुकादम. टोळीतील प्रत्येक जण पगारी नोकर नसून भागीदार. टोळीची मिळकत टोळीत वाटली जाते, गिऱ्हाइकाशी दर टोळीच ठरविते, तंटा झाला तर टोळीतच मिटतो. मात्र डब्यावरची खूण, तिचे अंक, अक्षरे व रंग आणि वेळेचे बंधन हे सर्वांना सारखे. त्यात कोणी स्वतःची अक्कल चालवावयाची नाही. २०२० च्या महामारीत लोकल थांबल्या, कचेऱ्या बंद पडल्या आणि ह्या धंद्यास मोठा तडाखा बसला, हे खरे. परंतु तो तडाखा बाहेरून आला होता. ह्या रचनेत दोष होता म्हणून नव्हे. नियम थोडे, पण अढळ. त्या नियमांच्या आत मोकळीक पूर्ण. आणि फायद्यात वाटा. हे तीन खांब ह्या रचनेचे आहेत.

खुद्द आपल्या भातलावणीत तरी काय वेगळे असते? सावडीने लावणी चालते तेव्हा बांधावर छडी घेऊन कोणी उभा राहत नाही. आज कोणाचे खाचर, कोणी कोणत्या बाजूने उतरावयाचे आणि रोपांत अंतर किती ठेवावयाचे हे एकदा ठरले की बाकी सारे ज्याचे त्याला कळते.

परदेशचा एक दाखला सांगून हा भाग पुरा करतो. जपानमध्ये टोयोटा ह्या मोटारींच्या कारखान्यात ताइइची ओनो नावाच्या तंत्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धानंतर कामाची नवी पद्धत घालून दिली. गाड्या ज्या रांगेने तयार होत पुढे सरकतात, त्या रांगेवरच्या अगदी साध्या कामगारालाही दोष दिसताच दोरी ओढून मदत मागविण्याचा आणि वेळ पडल्यास सारी रांग थांबविण्याचा अधिकार असतो. कारखाना क्षणभर थांबला म्हणजे केवढे नुकसान! पण त्या मंडळींनी हिशेब उलटा केला. दोष दिसत असताना गप्प बसणारा कामगार अधिक महाग पडतो. आपल्याकडे पाहा. लेथवरच्या मुलास दिसते की माल तिरका कापला जात आहे. पण थांबविले तर मालक ओरडेल ह्या भीतीने तो दिवसभर तिरकाच कापतो. सायंकाळी मालक ओरडतोच, आणि शिवाय लोखंड वाया जाते.

आता तीन आक्षेपांचा विचार करू. ते खरे आहेत, आणि ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पहिला आक्षेप चोरीचा. अधिकार दिला की कोणी ना कोणी हात मारणारच. मारील, परंतु जेथे सर्व अधिकार मालकाच्या मुठीत आहे तेथे चोऱ्या होत नाहीत काय? उलट, जेथे एकट्या मालकाशिवाय हिशेब कोणासच ठाऊक नाही, तेथे चोरी लवकर सापडत नाही. हिशेब दोघांना माहीत असणे हीच चोरीवरची खरी राखण. किल्ल्यावरचे तीन अधिकारी आठवावेत.

दुसरा आक्षेप चुकीचा. नवशिका चुकेल, माल चुकीच्या भावाने विकेल. निश्चित चुकेल. पण चूक ही शिकण्याची फी आहे. ती किती भरावयाची हे मात्र मालकाने आधी ठरवावे. पहिल्या वर्षी पाचशे रुपयांपर्यंतचा निर्णय त्याचा, पुढे दोन हजारांचा, पुढे वीस हजारांचा, अशी पायरी ठेवली तर फी परवडते. मुलास पोहावयास शिकविताना कोणी त्यास एकदम डोहात लोटीत नाही. पण काठावर बसवून पुस्तकही वाचून दाखवीत नाही. येथे एक भेद ध्यानी ठेवावा. सोपविणे वेगळे आणि सोडून देणे वेगळे. जो मालक काहीच न शिकविता, काहीच न सांगता "तुझे तू बघ" म्हणून मोकळा होतो आणि चूक झाल्यावर चार गिऱ्हाइकांदेखत त्याची अब्रू काढतो, त्याने स्वातंत्र्य दिले नाही. त्याने आपला आळस दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवला.

तिसरा आक्षेप सर्वांत जिव्हारी लागणारा. शिकविलेला मुलगा सोडून जातो आणि समोरच दुकान थाटतो! ह्यात दुःख आहे, ते आम्ही नाकारीत नाही. पण न शिकविलेला मुलगा सोडून जात नाही, म्हणजे तो कोठेच जाऊ शकत नाही असा माणूस आपण बारा वर्षे सांभाळला, हे भाग्य समजावे काय? जो जाण्याजोगा होतो तो भागीदारीच्या लायक झालेला असतो. त्याला फायद्यात वाटा द्या, दुसरी शाखा त्याच्या नावे काढा. आणि तरीही गेलाच, तर ज्ञातीत आणखी एक मालक वाढला असे समजा. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा असेच कोणाच्या तरी दुकानातून शिकून बाहेर पडले होते, आणि त्या मालकाने त्यांस आशीर्वाद दिला होता की शाप, ह्यावर आजही त्यांच्या घरात त्या मालकाचे नाव कसे घेतले जाते ते अवलंबून आहे.

एवढ्यावरून व्यवहारात काय करावे, ते आम्ही शिक्षकी सवयीने पाच कलमांत सांगतो.

पहिले, अधिकार तोंडी देऊ नका, कागदावर लिहा. सूट किती द्यावी, उधारी कोणास व किती, माल किती रुपयांपर्यंत मागवावा, परत आलेली वस्तू घ्यावी की नाही, हे एका पानावर लिहून ते पान दुकानात लावा. ज्याची हद्द लिहिलेली नाही त्या शेतात पेरावयास कोणी धजत नाही.

दुसरे, अधिकाराबरोबर माहिती द्या. वस्तू आपणांस कितीला पडते हे ज्यास ठाऊक नाही, त्याने दहा रुपये कमी करावेत की नाहीत हे कसे ठरवावे? खतावणी झाकून ठेवून निर्णय मागणे म्हणजे डोळे बांधून गणित सोडविण्यास सांगणे होय.

तिसरे, त्याने दिलेला शब्द गिऱ्हाइकादेखत मोडू नका. नोकराने दिलेली सूट मालकाने लगेच रद्द केली की त्या दिवसापासून गिऱ्हाईक त्याच्याशी बोलत नाही. थेट तुमच्याकडे येते. चुकला असेल तर रात्री फळी लागल्यावर सांगा. दिवसा पाठीशी उभे राहा.

चौथे, तो विचारावयास आला तर लगेच उत्तर देऊ नका. "तुला काय वाटते?" असे आधी विचारा. हा प्रश्न वर्गात आम्ही असंख्य वेळा विचारला आहे. प्रथम मूल गप्प बसते, मग चुकीचे सांगते, मग बरोबर सांगते. आणि काही दिवसांनी विचारावयास येतच नाही, कारण त्याचे उत्तर त्याच्याजवळ असते.

पाचवे, आठवड्यातून एकदा हिशेब पाहा, पण रोज मान धरू नका. छतावरच्या कॅमेऱ्याने चोर दिसेल; माणूस दिसावयाचा तर त्याच्याशेजारी बसून चहा घ्यावा लागतो.

भगिनींसाठी एक शब्द. आपल्या पुष्कळ घरांत धंद्याचा निम्मा भार घरच्या स्त्रिया वाहतात. पापड-मसाले त्याच करतात, बँकेत भरणा त्याच करतात, मालक आजारी पडला की गल्ल्यावरही त्याच बसतात. पण सही मात्र मालकाची. जी बाई अडचणीच्या काळात दुकान सांभाळू शकते, तिला सुखाच्या काळातही निर्णयात स्थान असावे. आग्र्याच्या दिवसांत राज्य कोणाच्या देखरेखीखाली होते हे आताच आपण ऐकले.

आणि नोकरी करणाऱ्या तरुणांनाही सांगणे आहे. अधिकार मागणे सोपे, त्याचा जाब देणे अवघड. मालकाने निर्णय तुमच्यावर टाकला आणि तो फसला, तर "मला कोणी सांगितले नव्हते" हे वाक्य उच्चारू नका. निर्णय घेतला तो कोणत्या विचाराने, हे सांगता आले पाहिजे. वेळेवर येणे, हिशेब रोजच्या रोज लिहिणे आणि नुकसान झाले तर ते लपविण्याआधी सांगणे, ह्या तीन गोष्टी ज्याच्याजवळ आहेत त्याच्याकडे अधिकार आपोआप चालत येतो. आणि जेथे इतके करूनही तो येत नाही, ती जागा सोडण्यात कृतघ्नता नाही.

शेवटी, सभेपुढे आम्ही एक सूचना ठेवतो. आपल्या संस्थेकडे विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती आहे, वधूवर नोंदणी आहे. त्यास जोडून एक साधी गोष्ट करावी. प्रत्येक मालक सभासदाने येत्या वर्षात सलग आठ दिवस आपल्या धंद्यापासून दूर राहावे. तीर्थास जावे, लेकीकडे जावे, नाही तर येथे पासलीत येऊन राहावे. फोन मात्र बंद ठेवावा. निघण्यापूर्वी ते एक पान लिहून हाताखालच्या माणसाच्या हाती द्यावे. परत आल्यावर काय बिघडले आणि काय आपल्याशिवायही सुरळीत चालले, ह्याची नोंद करावी, आणि पुढील मेळाव्यात ती वाचून दाखवावी. ज्यांचे पुष्कळ बिघडले असेल त्यांस आपला धंदा किती नाजूक खांबावर उभा आहे ते कळेल. ज्यांचे काहीच बिघडले नाही, त्यांस प्रथम थोडे वाईट वाटेल, कारण आपल्यावाचून काही अडत नाही हे ऐकावयास कोणासच आवडत नाही. पण रात्री शांत झोप लागेल, आणि आपल्यामागे हे दुकान चालणार आहे, ही खात्री मुलाबाळांस मिळेल. मालकाने आयुष्यभर जे मिळविले त्यात ह्याहून मोठी शिल्लक ती कोणती?